दाऊदमामू, एकशे एकतीस आले!

मामू, पास झालं! एकशे एकतीस!

हे सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं. पण तुझा नंबर लावला की आता तो मुमानी उचलते आणि माझा आवाज ऐकला की रडते. म्हणून लिहिते आहे. तू जाऊन आज सव्वीस दिवस झाले. या सव्वीस दिवसांत मी पहिल्यांदाच इतकी खूश आहे, आणि खूश झाल्याची थोडी लाजही वाटते आहे. चालेल ना?

शुक्रवारी मी हॉस्टेलच्या जिन्यात होते. बाबा, मी आणि तुझा शिकाऊ मिशाल, अशा आम्हा तिघांच्या फोनवरच्या ग्रुपवर मिशालचा आवाज आला. मागे वारा घोंघावतोय, कुणीतरी हाका मारतंय, आणि मिशाल श्वास न घेता ओरडतोय, "मिया वाहिद व थलाथीन! या उस्ताजा, मिया वाहिद व थलाथीन!" मला अरबी धड बोलता येत नाही, पण 'उस्ताजा' म्हणजे मास्तरीणबाई, म्हणजे मी, एवढं कळतं आणि आकडे कळतात. आकडे तूच शिकवलेस. मी जिन्यात अशी किंचाळले की मेसच्या मावशी हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या.

"कसले एकशे एकतीस?" माझी रूममेट मनाली म्हणाली. "मार्क?"

"मार्कच समज."

"कितीपैकी?"

"पैकी नसतं. पासिंग एकशे पंचवीसला."

मग तिला पलंगावर बसवून सगळं सांगितलं, तू मला सांगितलं होतंस तसंच. प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे एका जागी उभं राहून नेम धरणं नाही. बझर वाजला की धावायचं, भिंतीआडून वाकायचं, पुठ्ठ्याच्या निशाणांवर दोन-दोन गोळ्या, लोखंडी पत्रे पाडायचे, धावता धावता मॅगझिन बदलायचं. गुण भागिले वेळ. गोळी जितकी मवाळ तितका हाताला धक्का कमी, आणि पिस्तूल तितकं लवकर पुन्हा निशाणावर. म्हणजे मवाळ गोळीवाल्याला फुकटचा फायदा. तो मिळू नये म्हणून गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार करतात. स्पर्धेत तुमच्याच पिशवीतल्या गोळ्या काढून यंत्रासमोर झाडतात. आकडा एकशे पंचवीसच्या खाली गेला तर तुम्ही कितीही सुंदर धावा, गुण शून्य.

"आणि या गोळ्या तुझा मामा करायचा?" मनालीने विचारलं.

हो, म्हटलं. माझा मामा. सातवी नापास. रत्नागिरीहून विहिरीच्या पंपांचा मेकॅनिक म्हणून सौदीत बुरैदाला गेला, खजुराच्या मळ्यांवर पंप दुरुस्त केले. मळ्याच्या मालकाला नेमबाजीचा नाद. त्याने एक दिवस क्लबच्या कारखान्यात नेऊन एक बंद पडलेलं मशीन दाखवलं आणि म्हणाला, दाऊद, हे पण पंपच समज. मामूने ते चालू केलं आणि सतरा वर्षं त्याच्यासमोरून उठला नाही.

मामू, ते मशीन मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. क्लबच्या कारखान्यात बायकांना कुठे जायला मिळत होतं? तू व्हिडिओ दाखवायचास. हँडल खाली, हँडल वर, आणि प्रत्येक ओढीला एक काडतूस टपकन डब्यात. पण त्याआधीचं आणि नंतरचं सगळं आपल्या घरात होतं. रिकाम्या पुंगळ्या तू वाळूतून वेचून आणायचास. त्या चाळायला मुमानीची पिठाची चाळण न्यायचास, ती परत आली की मुमानी ती दोन बोटांत धरून गॅलरीत फेकायची. आणि धुवायला काय, तर आमसुलाचं पाणी! आपल्याकडे तांब्याची भांडी घासतात तसं. बाथरूमच्या बादलीत लालभडक पाणी आणि त्यात शेकडो पितळी पुंगळ्या, तासाभरात सोन्यासारख्या.

"माझ्या आईनं मे महिन्यात उन्हात बसून वाळवलेली आमसुलं हायत ती," मुमानी दारात उभी राहून म्हणायची. "सोलकढीला देत नाय मी, आनि तू बंदुकीला पाजतंस?"

"सोलकढी पिऊन कुनी कप आनलाय घरात?" तू म्हणायचास.

"कप तो मिशाल नेतो. तू बादली धुवून ठेव."

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकायची. त्या टेबलावरच आपलं कॉलेज होतं, मामू. आधी मी तिथेच होते; रत्नागिरीला आल्यावर वर्षातून दोनदा बुरैदाला यायचे, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना जिवंत ठेवायला, मे महिन्यात आणि डिसेंबरात. तू संध्याकाळी खिशातून चिठोरी काढायचास, दहा गोळ्यांचे दहा वेग. मी सरासरी काढायची, मग कोणती गोळी सरासरीपासून किती लांब ते. तुला 'प्रमाण विचलन' हा शब्द इतका आवडला की तू तो मशिदीतून परत येताना बाबांना ऐकवलास. मुलीला रत्नागिरीत एकटीला ठेवायला बाबा तयार नव्हते, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "तिला शिकव. नायतर माझी वही कोन वाचनार?" बाबा हसले आणि फॉर्मवर सही केली. आपल्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, की प्रवेशाच्या रांगेत मी इतकी घाबरले होते की परत जाणार होते. तुझी चिठोरी माझ्या पर्समध्ये होती. ती चाचपली आणि उभी राहिले.

वही. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी मिशाल.

तेव्हा सगळीकडे सौदीकरण चालू होतं. आधी मोबाइलच्या दुकानांतून आपली माणसं गेली, मग चष्म्याच्या, मग मोटारींच्या. बाबा जेवताना नवीन यादी वाचून दाखवायचे. एक दिवस क्लबच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, तुझ्या मशीनशेजारी दुसरी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर मिशालला बसवलं. चोवीस वर्षांचा, क्लबचा सर्वांत वेगवान नेमबाज, आणि आता तुझा शिकाऊ. तुझी जागा त्याला द्यायची की तुझा इकामा पुन्हा वाढवायचा, हे मुदीर हिवाळ्यातल्या स्पर्धेनंतर ठरवणार होता. तू घरी येऊन म्हणालास, "पोरगा बरा हाय. फक्त दुकान अंगावर घालून फिरतो."

खरंच तसंच होतं. दर महिन्याला त्याचं काहीतरी नवीन. लाल ठिपक्याची दुर्बीण, हलका ट्रिगर, चुंबकाचा मॅगझिनपट्टा. आणि होल्स्टर इतकं महाग की त्याचं नाव घेताना तो आवाज खाली आणायचा, पण कमरेचा पट्टा ढिला, त्यामुळे पिस्तूल काढताना होल्स्टरच वर यायचं. तू जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून पट्ट्याखाली घातलास. खलास. ड्रॉ सरळ झाला. तो मॅगझिनला तेल लावायचा, तू पुसून टाकायचास. "वाळूत तेल लावलंस की चिखल होतो," असं तू त्याला तुझ्या हिंदी-अरबीत सांगितलंस आणि एक कोरडा टूथब्रश दिलास. तुझा नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग बदललीस तर गोळी तीच ठेव. गोळी बदललीस तर स्प्रिंगला हात लावू नकोस. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. मामू, आमच्या प्रयोगाच्या तासाला मॅडमनी हेच सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावरून जवळजवळ उठून म्हणाले, हे मला माहीत आहे!

माहीत होतं, आणि तरीही मी तो नियम मोडला.

तू कायम एकशे एकतीसवर गोळी ठेवायचास. पासिंगपेक्षा सहा जास्त. त्या मे महिन्यात मी पंधरा दिवसांची तुझी चिठोरी मांडली आणि म्हटलं, मामू, तुझ्या गोळ्या इतक्या एकसारख्या आहेत की एवढं वर राहायची गरजच नाही. एकशे सव्वीस पॉइंट पाच पुरे. मिशालचा हात अर्ध्या सेकंदाने लवकर बसेल.

"गो बाय, एवढ्या जवळ जाव नको."

"का? गणित चुकलंय का?"

"गणित मला काय समजतंय. पन तुझ्या कागदाला थंडी वाजत नाय, पावडरीला वाजते."

"मामू, बाहेर सत्तेचाळीस आहे!"

तू हसलास. मी पण. दुसऱ्या दिवशी तू मिशालला मवाळ गोळ्या दिल्यास आणि त्याची वेळ खरोखरच उतरली. तू इतक्या आनंदाने घरी आलास की चपला काढायच्या राहिल्या. "प्रोफेसर! पोरगा उडतोय!" मला वाटलं, मी जिंकले. आपला वाद तिथेच राहिला. अजून तिथेच आहे. तुला माहीत होतं ना? मग माझं का ऐकलंस? माझ्यावर विश्वास होता म्हणून, की मला नाही म्हणवेना म्हणून? यातलं पहिलं खरं असावं असं वाटतं, पण दुसरं असेल तरी मला समजेल.

डिसेंबरात स्पर्धेसाठी हफ्र अल बातिनला आपण सगळे गेलो. त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच कुटुंबांसाठी तंबू लावला होता. मामू, ती सकाळ! मुमानी दोन शाली गुंडाळून चहाच्या थर्मासला मिठी मारून बसली होती, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि समोर मी फक्त आकड्यांत ओळखत असलेली सगळी दुनिया. बझर वाजला आणि मिशाल सुटला. टण्, टण्, टण्, पत्रे पडले. मॅगझिन खाली, दुसरं आत, मला ते दिसलंसुद्धा नाही. पुंगळ्या उन्हात उडत होत्या, त्या तुझ्या आमसुलाच्या पुंगळ्या, आणि मी उभी राहून ओरडत होते. मुमानीने माझा बुरखा ओढून मला खाली बसवलं आणि मग स्वतःच उठून उभी राहिली. "गेला! गेला तो! अगो, पडला सगळा!" मला वाटलं, आयुष्यात याहून भारी काही नसतं.

मग वेग मोजायच्या तंबूतून बोलावणं आलं.

गोळ्या रात्रभर गाडीच्या डिकीत होत्या. दगडासारख्या गार. उन्हाळ्यात आपण दुपारी असरच्या नमाजानंतर, तापलेल्या कारखान्यातून थेट उचलून झाडलेल्या गोळ्या मोजल्या होत्या. पावडर गरम असली की जोरात ढकलते, थंड असली की आळसावते. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, गोळी आणि मोसम. यंत्राने आकडा दाखवला: एकशे तेवीस. पुन्हा झाडल्या. एकशे तेवीसच. मिशालचे सगळे पत्रे, सगळी धाव, शून्य.

मुदीर तरातरा आला. कुटुंबांच्या तंबूची कनात तिथून चार पावलांवर होती, मला सगळं ऐकू येत होतं. त्याने विचारलं, "मिन करर?" कुणी ठरवलं?

तू म्हणालास, "अना."

एवढंच. मी. माझी फाइल माझ्या मांडीवर होती, मामू. त्यात तो आकडा माझ्या अक्षरात होता. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. चार पावलं. कनात बाजूला करून एक शब्द म्हणायचा होता. मी म्हटला नाही. परतीच्या वाटेवर तू मिशालला चेष्टेने विचारत होतास की आता ते होल्स्टर विकतोस का, आणि मी मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलं. दोन आठवड्यांनी क्लबने सांगितलं, तुझा इकामा पुढे वाढवणार नाहीत. तो संपेपर्यंत मिशालला तयार कर. मी रत्नागिरीला परत आले. रोज ठरवायची, आज फोनवर सांगेन. तू रोज विचारायचास, "जेवलीस काय?" आणि मी जेवल्याचं सांगून ठेवून द्यायची.

मग ती सकाळ आली. त्याबद्दल मी लिहीत नाही. मिशालने खांदा दिला, एवढं बाबांनी सांगितलं.

तू गेल्यावर आठव्या दिवशी मिशालचा निरोप आला. दाऊदची सगळी विद्या वहीत आहे आणि वही मराठीत आहे. त्याने क्लबमधल्या एका केरळच्या माणसाला दाखवली, मग एका हैदराबादच्या. दोघांनी हात वर केले. "उस्ताजा, तू वाच." बाबांनी ग्रुप केला, आणि मी वर्गाच्या मधल्या वेळेत तुझी पानं इंग्रजीत उतरवायला लागले. तू बाबांना म्हणालेलं वाक्य मला तेव्हा आठवलं आणि मी लायब्ररीत तोंडावर ओढणी धरून बसले.

पण मामू, काय वही आहे! "ऑगस्ट. हँडल हाताला भाजतं. काम सकाळी करावं." "मिशालने नवीन ट्रिगर आणला. पोर खूश. गोळ्या सगळ्या डावीकडे." "आमसुलं संपली. घरात बोलू नये." हे मी जसंच्या तसं उतरवलं, तर मिशालने विचारलं, आमसूल हे कोणतं रसायन? आणि शेवटच्या दोन महिन्यांची पानं. तू काय करत होतास! हफ्रनंतर तू प्रत्येक नव्या गोळीचे दोन डबे करायला लागलास. एक रात्रभर फ्रिजमध्ये, मुमानीच्या कणकेशेजारी. एक दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर. दोन्ही झाडून दोन्ही वेग लिहायचास. "थंड डबा पास, मगच गोळी पास." ही पानं मी मिशालला पाठवली आणि त्याने तशाच गोळ्या बनवल्या. स्वतःच्या हाताने. बर्फाच्या पेटीत ठेवल्या, मोजल्या, पुन्हा बनवल्या. शुक्रवारी त्या पुन्हा हफ्रच्याच स्पर्धेला गेल्या, तसल्याच गार सकाळी. पुढचं तुला सांगितलंच. एकशे एकतीस! तुझाच आकडा, मामू. माझ्या शहाणपणाआधीचा.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शनिवारी मिशालचा आणखी एक निरोप आला, बराच वेळ विचार करून पाठवल्यासारखा. तंबूत मुदीर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बघा, म्हातारा होता तेव्हा नापास. सौदी मुलगा बसला आणि पास." लोक हसले. मिशाल म्हणाला, मी सांगितलं की गोळी दाऊदचीच आहे, पण तो म्हणाला, मग मागच्या वेळी काय झालं? 

उत्तर माझ्याकडे होतं. वहीतलं एक पान मी उतरवायचं टाळत आले होते, डिसेंबरचं. रविवारी ते उघडलं. तुझं ते तिरकं अक्षर. "हफ्र. सकाळ. फार थंडी. १२३. नापास. चूक: दाऊद." आणि खाली, दुसऱ्या पेनाने, कधीतरी नंतर लिहिलेलं: "पोरीचं गणित बरोबर आहे. मोसम मी सांगायला हवा होता."

मामू, तू सांगितला होतास. जेवणाच्या टेबलावर. मी हसले होते.

तुझ्या वहीतला एक शब्दही बदलायचा नाही असं मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं. सगळी पानं तशीच उतरवली, आमसुलासकट. या पानावरही तुझं लिहिलेलं जसंच्या तसं ठेवलं. फक्त त्याच्या खाली, माझं नाव घालून, एक ओळ जोडली: "दाऊद यांनी थंडीबद्दल मे महिन्यातच बजावलं होतं. १२६.५ हा आकडा माझा. चूक माझी. ताहिरा, भाची." मिशालला म्हटलं, हे अरबीत कर आणि मशीनच्या वर भिंतीला लाव, मुदीर उभा राहतो त्या बाजूला. त्याने विचारलं, नक्की? तुझे वडील ग्रुपवर आहेत. बाबांनी उत्तर दिलं, एकच शब्द: "लाव."

काल मिशालने मुदीरला तिथे आणलं आणि मला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी कॉलेजच्या मागच्या गच्चीवर होते. मागे तुझं मशीन चालू होतं, पहिल्यांदाच मी त्याचा आवाज सरळ ऐकला, हँडल खाली, हँडल वर. मग ते थांबलं. मुदीर भिंतीवरचं मोठ्याने वाचत गेला; त्यातले आकडे आणि माझं नाव मला कळलं. मग त्याचा आवाज, तोच, कनातीपलीकडचा: "मिन करर?"

आणि मामू, मी म्हणाले, "अना."